अंगावरची लाल अक्षरं

मी एक जुनी काठी आहे. पूल नावाचा खेळ ज्या काठीनं खेळतात, ती. माझ्या जाड बाजूला लाल तेलरंगात 'वाकडी' असं लिहिलेलं आहे. हॉलमध्ये नवा माणूस आला की आधी ते वाचतो, मग माझ्याकडे बघून हसतो आणि दुसरी काठी उचलतो. हसू दे. ते लिहिलेलं खोटं आहे, आणि का खोटं आहे ते आज मी सांगणार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, आणि शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून सगळ्या हात जोडतात. मला हात नाहीत. असते तरी जोडले नसते. माझ्यावर खापर फोडलं गेलं, तेही भरल्या हॉलमध्ये, आणि ते फोडणारा माणूस मला फार प्रिय होता. म्हणून तर एवढा राग आहे.

मला बनवलं ते एका कातारी माणसानं. लेथवर लाकूड फिरवून तो जिन्याचे कठडे आणि खाटांचे पाय करायचा. त्याला दोन मुलं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. घराजवळ सायकलच्या दुकानाच्या वर एका काकांनी पूलचा हॉल काढला होता. मोडक्या काठ्या दुरुस्तीला ते ह्या कातारी बाबांकडेच आणायचे. त्या पोहोचवायला म्हणून मुलं हॉलमध्ये जायला लागली आणि तिथेच रमली. हॉलमध्ये बरी काठी एकच होती. तिच्यावरून बहीण-भावाची रोज जुंपायची.

"दोन करून द्या ना, बाबा," मुलगा म्हणाला.

"दोन केल्या तर तुम्ही एकमेकांविरुद्ध खेळाल," बाबा म्हणाले. "एक करतो. एकमेकांबरोबर खेळा."

ती एक म्हणजे मी. माझं लाकूड बाबांनी वर्षभर आढ्याला उभं टांगून सुकवलं होतं, कारण आडवं ठेवलेलं लाकूड आपल्याच वजनानं बाक धरतं. मग लेथवर चढवून इतक्या हलक्या हातानं उतरवलं की भुसा पिठासारखा पडत होता. रोज थोडं काढायचं, रात्रभर लाकडाला निवू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. निमुळत्या टोकाला चामड्याची टिकली बसवली. जाड बाजूला दोन ठिकाणी दोरा गुंडाळला. शेवटाकडे काळा, तो मुलाच्या हातासाठी. त्याच्या वीतभर पुढे पांढरा, तो मुलीसाठी. शेवटी बाबांनी एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हिला कोणी नाव ठेवून दाखवा."

पुढे ठेवलं, ते ह्याच घरातून.

खेळ तुम्हाला ठाऊक नसेल तर दोन वाक्यांत सांगते. टेबलावर पांढरा बॉल असतो. काठीनं त्याला मारून आपले रंगीत बॉल कडेच्या पॉकेटांत घालायचे आणि ते संपले की शेवटी काळा. आमच्या हॉलमध्ये जोडीचा डाव असला की जोडीदार आळीपाळीनं मारतात. म्हणजे भावानं बॉल घातला की पुढचा फटका बहिणीचा, आणि तोही पांढरा बॉल जिथे थांबला असेल तिथूनच. म्हणून नुसता बॉल घालून भागत नाही. पांढरा बॉल जोडीदाराला सोयीचा पडेल असा ठेवावा लागतो.

आणि आमच्याकडे आणखी एक नियम आहे, जो दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये नसेल. ह्या दोन भावंडांमुळे तो काकांनी केला. जोडीचा डाव एकाच काठीनं खेळायचा. काठी खाली ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची. टेबलावर ठेवली की डाव गेला. त्यामुळे जोडीच्या डावात मी कधी थंड पडले नाही. एका हाताची ऊब जायच्या आत दुसरा हात यायचा.

दोघं मोठी झाली. बहीण लॉन्ड्रीत कपडे इस्त्री करायला लागली. हॉलमध्ये तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिचा हात नेहमी गरम असायचा आणि त्याला धुतल्या कापडाचा वास यायचा. भाऊ पाट्या रंगवायला लागला. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या. लोक त्याला रंगारी म्हणत. त्याचा हात एवढा स्थिर की पट्टी न लावता पुरुषभर लांब रेघ ओढायचा आणि कौतुक करणाऱ्याला म्हणायचा, "रेघ काय, हात सोडला की जाते." त्याच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा आणि बोटांना टर्पेंटाइनचा वास.

तो मला तीन बोटांत धरायचा, पिल्लू धरावं तसं. कंबरेत वाकून हनुवटी माझ्या अंगाला टेकवायचा. मग मला चार-पाच वेळा मागेपुढे झुलवायचा, थांबायचा आणि मारायचा. फटका इतका हळू असायचा की बघणाऱ्यांना वाटे, बॉल पोहोचतोय की नाही. पोहोचायचा. आणि पांढरा बॉल सावकाश फिरत यायचा आणि ताईच्या पुढच्या बॉलसमोर उभा राहायचा. भाऊ तिच्याकडे न बघता मला तिच्या हातात द्यायचा. ती न बोलता मारायची. मला त्या दिवसांचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आमच्या हॉलची वर्षातून एकदा जोड्यांची स्पर्धा होते. एका वर्षी अंतिम डावाला बाहेरची माणसं बघायला आली, जिन्यात उभं राहायला जागा उरली नाही. रंगारी घाबरला. त्याच्या तळहाताला घाम सुटला, माझा काळा दोरा ओला झाला. त्याच्या दुकानाशेजारी काच विकणारा त्याचा मित्र होता, भला माणूस. त्यानं रंगाऱ्याला जिन्यात बाजूला घेऊन दारूचा पेला पुढे केला.

"एक पेला घे. हात मोकळा होईल."

त्यानं घेतला. आणि मित्रांनो, खरं ते सांगते, हात मोकळा झाला. खांदे उतरले, घाम थांबला. एरवी ज्या बॉलच्या वाटेला तो गेला नसता, तो त्यानं टेबलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धाडकन मारून घातला. हॉलनं त्याला डोक्यावर घेतलं. मग तसाच दुसरा. मग तिसरा. डाव आम्ही जिंकलो. लोकांनी त्याची पाठ थोपटून थोपटून लाल केली असेल.

मी मात्र बघत होते पांढऱ्या बॉलकडे. तो प्रत्येक वेळी भलतीकडे जाऊन थांबत होता. कधी कडेला चिकटून, कधी दुसऱ्या बॉलच्या आड. आणि प्रत्येक वेळी ताई मला हातात घेऊन, ओठ घट्ट मिटून, अशक्य जागेवरून काहीतरी काढत होती. पेल्यानं भावाची भीती नेली होती, हे खरं. पण पुढच्या फटक्याचा विचारही त्या भीतीबरोबरच गेला होता. नेम जाण्याच्या किती तरी आधी जातो तो हाच विचार, आणि तो गेलेला कोणाला दिसत नाही. जोडीदाराला तेवढा दिसतो. वाहवा सगळी त्याची झाली. ताई घरी जाताना मनगट चोळत होती.

त्यानंतर पेला हा त्याच्या खेळाचा भाग झाला. आधी स्पर्धेला, मग शनिवारी, मग कधीही. तो सगळ्यांना सांगायचा, "थोडी घेतली की मी खरा खेळतो." आणि लोक माना डोलवायचे.

आता नीट ऐका, कारण ह्यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही. काठीला कळतं.

आधी मूठ आवळली. तीन बोटं गेली, पाचही बोटं आली. मूठ आवळली की मनगट अडतं आणि मग सगळा जोर खांद्यातून येतो. खांद्याला बारीक काम जमत नाही. मग हनुवटी गेली. पूर्ण वाकलं की त्याला भोवंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तो अर्धाच वाकायला लागला, आणि वरून बघितलं की रेघ चुकते. हे त्या माणसाला मी सांगायचं, ज्यानं आयुष्यभर रेघाच ओढल्या. झुलवणं गेलं, एकदा मागे घेतली की ठोकली. मारता मारताच मान वर व्हायची, कारण बॉल गेला का हे बघायची घाई, आणि लोक बघताहेत का ह्याची त्याहून जास्त. टोकाला खडू लावायचा विसरायचा, मग टिकली घसरायची आणि तो टिकलीला शिव्या द्यायचा.

हळू मारणं तर पार गेलं. जोरात कोणालाही मारता येतं. समोर सरळ बॉल असला तरी तो त्याला सोडून दोन कडांवर आपटून जाणारा भलताच बॉल निवडायचा, आणि दहातला एखादा गेला की तेवढाच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचा. उरलेले नऊ त्याला आठवायचेही नाहीत. पूर्वी टेबलाशी तो ब्र काढत नसे. आता फटका मारता मारता बोलायचा.

आणि ताई? ती सावरत होती. त्यानं विस्कटलेलं ती उचलायची, रोज. त्यामुळे जोडी जिंकत राहिली, आणि जिंकत होती म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

तिनं एकदा विचारलं, "रोज घेतोस का रे?"

"कुठे गं," तो म्हणाला. "कामावरून येतोय सरळ. हात बघ, टर्पेंटाइनचा वास येतोय."

वास येत होता खरा. हॉलच्या जिन्यात उभा राहून तो खिशातल्या बाटलीतलं टर्पेंटाइन बोटांना चोळायचा, तोंडाला येणारा वास त्यात बुडावा म्हणून. मला माहीत होतं. पण काठीला विचारतो कोण?

मग ताईचाही हात पुरेनासा झाला. एका साध्या रविवारच्या डावात दवाखान्याचा कंपाउंडर आणि त्याचा मेहुणा, जे आमच्यासमोर नेहमी कसेबसे टिकायचे, त्यांनी आम्हाला हरवलं. रंगाऱ्यानं तीन सरळ बॉल चुकवले. तिसरा तर असा होता की काकांनी गुडघा दुखत असतानासुद्धा घातला असता. हॉल गप्प झाला. त्याला ती शांतता सोसली नाही.

"काठी वाकडी झालीय," तो म्हणाला.

काठी सरळ आहे का हे बघायची एक रीत आहे. ती टेबलावर आडवी ठेवून गडगडवायची. वाकडी असेल तर तिचं टोक उड्या मारतं. डाव संपलाच होता, त्यानं मला टेबलावर टाकलं आणि ढकललं. माझ्या वाटेत निळ्या खडूचा तुकडा पडला होता, त्याचाच, फटका मारताना त्यानं कडेवर ठेवलेला आणि कोपरानं पाडलेला. मी त्याच्यावरून गेले. टोकानं उडी मारली.

"बघा," तो म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. खडू कोणाला दिसला नाही, कारण बघायचंच नव्हतं. एवढा मोठा खेळाडू चुकतोय म्हणण्यापेक्षा काठी वाकडी आहे म्हणणं सोपं होतं. कंपाउंडरसुद्धा म्हणाला, "लाकूड आहे, व्हायचंच." फक्त ताईनं पाठ फिरवली. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

रंगारी खाली गेला, पिशवीतून ब्रश आणि लाल रंगाची डबी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगावर लिहिलं. वा, क, डी. बाबांनी ज्या लाकडावरून डोळा मिटून नजर फिरवली होती, त्यावर. ब्रश माझ्या अंगावर थरथरत होता. 'वा'चा काना एकीकडे झुकला, 'डी' घसरून खाली गेली. ज्याच्या रेघेला पट्टी लागत नसे त्याची ती अक्षरं. हे तर आंधळ्यालाही दिसावं. पण सगळे हसले आणि मी कोपऱ्यात गेले.

कोपऱ्यातले दिवस मी थोडक्यात सांगते, कारण कीव नको आहे. माझ्या टोकाला फडकं बांधून जळमटं काढली. टेबलाखाली गेलेले बॉल ओढले. एका उन्हाळ्यात पडदा अडकवायला वापरली. एवढं करूनही मी बाक धरला नाही, कारण काकांनी मला भिंतीला टेकवायच्या ऐवजी खिळ्याला उभं टांगलं होतं. का कोणास ठाऊक. कदाचित बाबांची आठवण म्हणून. बाबा तोवर हयात नव्हते, आणि एका अर्थी बरंच झालं. रंगाऱ्यानं नवी काठी आणली, चकचकीत, दोन तुकड्यांची, पेटीसकट. तिच्या वाट्यालाही तेच आलं. महिन्याभरात तीही त्याला जड वाटायला लागली.

ताई त्या नव्या काठीनं खेळली नाही. "मला दोऱ्याची सवय आहे," एवढंच म्हणाली. जोडी मोडली. रंगाऱ्यानं एक-दोघांना जोडीला घेऊन बघितलं, पण त्याच्यामागून उचलायला कोणी तयार होईना. स्पर्धा जवळ आली तेव्हा तो लॉन्ड्रीत जाऊन उभा राहिला. तिथे मी नव्हते. पण तिथून ती थेट हॉलमध्ये आली आणि मला खिळ्यावरून काढलं, म्हणून काय ठरलं ते मला कळलं. काकांना ती सांगत होती.

"हीच काठी. आणि त्यानं न पिता यायचं. प्यालेला आला तर मी त्याच्या हातात देणार नाही."

"आणि डाव?" काकांनी विचारलं. "काठी पुढे दिली नाही तर डाव जातो. नियम तुमच्यामुळेच केलाय."

"माहीत आहे."

तिनं मला पुसलं, टिकली बदलली, पांढरा दोरा नवा गुंडाळला. काळ्या दोऱ्याला हात लावला नाही. लाल अक्षरांवरून फडकं फिरवलं आणि पुढे गेली.

स्पर्धेच्या अंतिम डावाचा दिवस सुटीचा होता. दुपारीच हॉल भरला. रंगारी वेळेवर आला, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"घेतली नाहीस ना?" ताईनं विचारलं.

"नाही गं. कामावरून येतोय. हे बघ." आणि बोटं तिच्या नाकापुढे धरली.

तिला विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिनं ठेवला. मला तेव्हाच कळलं. त्यानं मला धरलं आणि मूठ आवळली.

डाव कंपाउंडर आणि मेहुण्याशी. पुन्हा तेच सुरू झालं. तो धाडधाड मारत होता, लोक ओरडत होते, आणि पांढरा बॉल भलतीकडे जात होता. ताईच्या कपाळावर घाम आला. कडेला चिकटलेल्या पांढऱ्याला तिनं एकदा उलटं वाकून, मला जवळजवळ उभी धरून मारलं आणि बॉल गेला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात कठीण फटका. त्याला टाळी पडली नाही, कारण तो दिसायला छोटा होता.

असं करत करत आमचे सगळे रंगीत बॉल संपले. शेवटचा ताईनं घातला, आणि पांढरा बॉल असा आणून ठेवला की काळा पॉकेटाच्या तोंडाशी आणि पांढरा त्याच्या बरोबर समोर. नुसता धक्का द्यायचा होता. एवढं झालं की स्पर्धा आमची, आणि माझ्यावरचा शिक्काही पुसला जाणार होता. फटका भावाचा होता. त्यानं हात पुढे केला.

ताईनं मला पुढे केलं, आणि तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. टर्पेंटाइनचा भपकारा येत होता. आणि नखं स्वच्छ होती. एकाही नखात रंगाचा कण नव्हता.

तिनं मला मागे घेतलं.

"दे ना," तो म्हणाला.

"आज काय रंगवलंस?"

"ताई, काळा समोर आहे. दे काठी."

"पाटी कोणाची होती?"

त्यानं पुढे केलेला हात खाली घेतला. मग तो हळूच म्हणाला, "दोन घोट घेतले. त्यानं माझा हात स्थिर राहतो. तुला माहीत आहे."

"तुझा हात कसा राहतो ते मलाच माहीत आहे," ताई म्हणाली. "किती वर्षं तुझ्यामागून उचलतेय. वाहवा मिळाली की तुला वाटलं, पेल्यानं मिळाली."

"घरी बोलू. आधी डाव संपव."

"अहो ताई, द्या काठी," कंपाउंडर म्हणाला. तो समोरच्या जोडीतला होता तरी म्हणाला. "असं जिंकायला आम्हालाही बरं वाटणार नाही."

काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. "ताई, नियम आहे. द्या, नाहीतर डाव जाईल."

"जाऊ दे, काका."

भावाचा चेहरा लाल झाला. "एका वाकड्या काठीसाठी..." त्यानं सुरू केलं.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईनं मला टेबलावर आडवं ठेवलं.

टेबलावर ठेवली की डाव गेला. तिनं आधी तळहातानं कापडावरून खडूचा बारीकसा चुरा झाडला, जसा शर्टावरून झाडते. मग मला हलकेच ढकललं.

मी गडगडत गेले, मित्रांनो. माझं टोक एकदाही उडालं नाही. जळमटं काढून, पडदे अडकवून, खिळ्यावर लोंबकळून मी त्या टेबलावरून पाण्यासारखी गेले, पलीकडच्या कडेला टेकले आणि थांबले. मला ओरडायचं होतं. आता कोणीही 'वाकडी' म्हटलं नाही, आणि तेच मला पुरलं.

"काठी सरळ आहे," ताई म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली.

काळा बॉल तसाच पॉकेटाच्या तोंडाशी राहिला. शेवटी काकांनी तो हातानं उचलला. चषक कंपाउंडरनं नेला, पण फार खुशीत नव्हता. रंगारी टेबलाजवळ उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं माझ्याकडे हात नेला, पण लावला नाही, आणि तोही गेला.

पुढे बरेच दिवस तो आला नाही. हॉलमध्ये बातम्या यायच्या. दुकान बंद आहे. दुकान उघडलं. शेजारच्या काचवाल्या मित्राच्या दुकानात तो आता फक्त चहाला बसतो, पेल्याला त्या मित्रानंच नाही म्हटलं, मित्रानं स्वतःही दारू सोडली. औषध चालू आहे. हात थरथरतो, अक्षरं येत नाहीत, मोठ्या पाट्या दुसऱ्याकडे गेल्या. ताई रोज संध्याकाळी त्याच्या घरी डबा पोहोचवून येते, पण खेळाचं बोलत नाही. हे सगळं मी खिळ्यावरून ऐकलं. माझा राग गेला होता असं समजू नका. आत कुठेतरी वाट बघत होते, एवढंच.

एका दुपारी लॉन्ड्रीला सुटी होती. ताई एकटीच आली आणि मला घेऊन सराव करायला लागली. जिन्यात पावलं वाजली. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग दोन पायऱ्या. रंगारी वर आला आणि दाराशी उभा राहिला. बारीक झाला होता. नखांत निळा रंग होता.

"बस," ताई म्हणाली. तो बसला. ती खेळत राहिली. एक बॉल घातला. दुसरा घातला. मग त्याच्यासमोर आली आणि मला आडवं धरून पुढे केलं.

"हात राहत नाही गं," तो म्हणाला.

"मी कुठे विचारलं?"

त्यानं मला घेतलं. काळ्या दोऱ्यावर तीन बोटं आली, आणि ती खरोखर थरथरत होती, माझ्या टोकापर्यंत ती थरथर येत होती. प्यालेला असताना त्याचा हात कधी एवढा कापला नव्हता. सोडल्यावर आधी असंच होतं, हेही ऐकून ठेवा. तो वाकला. हनुवटी माझ्या अंगाला टेकली. किती दिवसांनी. त्यानं मला झुलवलं, थांबला, पुन्हा झुलवलं. आणि हळू मारलं.

लाल बॉल पॉकेटाच्या कडेला लागून बाहेर आला. चुकला.

पण पांढरा बॉल सावकाश फिरत फिरत निघाला, कडेला हलका टेकला, परत फिरला आणि त्याच लाल बॉलसमोर येऊन उभा राहिला. तिथून ताईचा फटका इतका सरळ होता की कोणालाही दिसावा.

ताई बघत राहिली.

"बॉल गेला नाही," तो म्हणाला.

"तो जाईल. पांढरा ठेवलास की माझ्यासाठी."

त्यानं मला तिच्या हातात दिलं. खाली न ठेवता. काळा दोरा अजून गरम होता आणि तोवर पांढऱ्यावर तिची बोटं आली. ते दोघं रडले असतील तर त्यांचं त्यांनी बघावं. मी रडणार नाही असं आधीच सांगितलं आहे.

पुढच्या आठवड्यात तो घासायचा कागद आणि टर्पेंटाइन घेऊन आला. माझ्यावरची अक्षरं काढायला.

"राहू दे," ताई म्हणाली.

"का? खोटं आहे ते."

"म्हणूनच राहू दे. रोज बघ."

म्हणून ती अजून आहेत. तेव्हापासून जोडी पुन्हा खेळते, जिंकते, हरतेही. त्याचा हात पूर्ण परतलेला नाही आणि कदाचित परतणारही नाही.

तर मित्रांनो, मला तेल लावा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. खिळ्याला उभी टांगलीत तरी पुरे. कधी ह्या हॉलमध्ये आलात तर मला काढा आणि टेबलावर गडगडवून बघा. आधी खडूचा चुरा तेवढा झाडा. मग माझ्यावरचं लिहिलेलं जवळून वाचा. 'वा' एकीकडे झुकलेला आहे, 'डी' घसरलेली आहे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये वाकडं होतं ते एवढंच.